बांधाकडचे बेडूक

तिसगावाजवळच्या आमच्या मळ्यात पूर्वी पाणथळ जागा होती. बिबट्या तिथे पाण्यावर आला की सगळे बेडूक एकदम गप्प व्हायचे आणि सासूबाई आम्हाला घरात ओढून घ्यायच्या. बेडूक ओरडतायत तोवर बाहेर भीती नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढे माझ्या रामनं पाणथळ बुजवून ऊस लावला. बेडूक गेले आणि बिबट्या उसातच मुक्कामाला राहिला.

काल दिवस मावळताना कालवड सुटून उसाकडे पळाली. सून राजनंदिनी दारातच थबकली.

"आत्याबाई, मला लई भ्या वाटतंय."

तेवढ्यात बांधाकडून डराव डराव सुरू झालं. किती वर्षांनी! माझे डोळेच भरून आले.

"अगं, बेडूक वरडत्यात. म्हंजी जवळपास काय बी न्हाई. जा बिनघोर."

"तुमचं बेडूक म्हंजी राखणदारच की," असं म्हणत ती हसली आणि उसात शिरली.

इतक्यात राम मागच्या दारानं आत आला, गालातल्या गालात हसत.

"ऐकलंस का आये? बेडकांबिगर झोप येत न्हाई म्हनून रोज कुरकुरतीस ना? भजनी मंडळाचा स्पीकर बांधावर ठिवलाय, मोबाईलवरचं बेडूक लावलंय त्याला. आता रातभर वरडतील, गप बसायचं नाव न्हाई!"

मी दारात धावले आणि सुनेला हाका मारू लागले. त्या आवाजापुढे माझी एकही हाक तिच्यापर्यंत पोचत नव्हती.