ओहोटीआधीची शाळा

सकाळी सव्वासहाला कमलाकर गुरुजींनी शाळेच्या दोन्ही खोल्या उघडल्या, अंगण झाडले आणि घंटा दिली. पावणेसातला प्रार्थना झाली. पनवेलजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात शाळेची वेळ रोज बदलत असे. ओहोटीला आया खुबे-शिंपले वेचायला चिखलात उतरत, तेव्हा थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी थांबत. म्हणून गुरुजी पाणी उतरण्याआधी एकदा आणि आया परतल्यावर पुन्हा वर्ग भरवत. तीन वर्षांत एकाही मुलीची शाळा सुटली नव्हती.

साडेनऊला मुले घरी गेली आणि शोभा आत आली. तिची कोमल चौथीत होती. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्षही शोभाच होती. तालुक्याहून आलेला छापील कागद तिने बाकावर पसरला. शाळा कशी चालते ते पालकांनी त्यावर नोंदवायचे होते. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख साडेदहाला तो न्यायला येणार होते. सातव्या प्रश्नापाशी तिचे पेन थांबले : ‘शाळा दररोज साडेदहा वाजता भरते काय? होय / नाही.’

“गुरुजी, हितं काय करू?”

“तुम्हाला वाटेल ते करा, ताई. यात मी सांगितलेलं चालत नाही.” गुरुजी पाठ फिरवून पुसलेलाच फळा पुन्हा पुसू लागले.

“होय केलं तं खोटं. नाय केलं तं तुमची बदली. मंग नवीन गुरुजी साडेदहाला येतील, आन् माझी कोमल बसंल घरी भावाला घेऊन.”

“तसं होईलच असं नाही.”

“नाय होनार, असं सांगा ना मंग.”

गुरुजींनी फडके खिडकीबाहेर झटकले.

शेवटचा प्रश्न तिने दोनदा वाचला. दुसरी शाळा निवडण्याची संधी मिळाल्यास पाल्याला तेथे पाठवाल काय? तिला नणंदेचा, कोमलसारखाच चौथीतला परेश आठवला. सातच्या ठोक्याला नाक्यावर त्याची पिवळी बस येई. इंग्रजी धडा तो न अडखळता वाचून दाखवी. कोमलला अजून एकेका शब्दावर बोट ठेवावे लागे. पण ती बस कोणासाठीही थांबत नसे. मुलीचे भले नेमके कशात, हे ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन चौकोनांपैकी कोणत्यात मांडायचे, ते तिला उमगेना.

“अगो ए अध्यक्षीनबाय!” शेजारची गोदू टोपली घेऊन दारात उभी होती. “पानी चाललं की! एवढं काय लिवतेस? तलाठी झालीस का?”

शोभा हसली नाही. तिने सातव्या प्रश्नाच्या ‘नाही’वर खूण केली. खालच्या कोऱ्या जागेत सावकाश लिहिले : ‘वेळ आम्ही आयांनी बदलून मागितली. मुली रोज येतात. विचारायचे ते मला विचारा.’ शेवटच्या प्रश्नाचे दोन्ही चौकोन तिने कोरे ठेवले आणि बाजूला लिहिले, ‘अजून कळत नाही.’ मग सही केली.

“ठेवा इथं, मी देतो त्यांना,” गुरुजी म्हणाले.

तिने कागदाची घडी घातली, पण ती हातातच ठेवली.

“तू हो फुडं,” ती गोदूला म्हणाली. “मी आज नाय येत.”

“ओहोटी सोडतेस? ताप हाय का अंगात?”

“हाय थोडा.”

गोदू पुटपुटत निघून गेली. केंद्रप्रमुख यायला अजून अर्धा तास होता. खाली बायका एकामागून एक चिखलात उतरत होत्या. शोभाने पदर सारखा केला आणि रस्त्याकडे तोंड करून शाळेच्या पायरीवर बसली.