चाळीस गाड्यांचा रस्ता

डांबरावर आणि दगडधोंड्यांतही मोटरसायकल हाणणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपात शिरायचं, तर अवघड ट्रॅकचा व्हिडिओ टाकावा लागे. सयाजीनं आई ठमाबाईला मंचरच्या बाजारातून वस्तीवर आणतानाचा टाकला.

"लई खतरनाक ट्रॅक, राव! कुठं आलाय?" ॲडमिननं विचारलं. सयाजीनं पत्ता दिला.

रविवारी चाळीस गाड्या आल्या. खड्ड्याखड्ड्यात फोटो निघाले. सरपंचांनी एकेकाला टोपी-उपरणं घातलं.

सोमवारी रस्त्याच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर थांबला. दहा वर्षं डांबर मागणाऱ्या ठमाबाईनं लगबगीनं चहा टाकला. "सया, तुझ्या ग्रुपानं काम केलं बघ."

माणसं चहा पिऊन, एक पाटी रोवून गेली. सयाजीनं ती आईला वाचून दाखवली.

"ऑफ-रोड ट्रॅक. ग्रामपंचायत निधी. काम पूर्ण."