हर्षदची पिशवी

"हर्षदच्या हातातच दे हां! नायतर वाटेत तूच फस्त करशील, मेल्या!"

पोलादपूरच्या स्टँडवर बयाबाईने पिशवी ओमच्या छातीशी लावली. आत नाचणीचे लाडू, कुळथाचं पीठ आणि सुकटीची चटणी. गावचा कोणी निघाला, की तिकडच्या आपल्या माणसासाठी काहीतरी जायचंच. मग ती मुंबई असो, नाहीतर थायलंड.

हर्षद तिचा पोटचा, ओम जावेचा. जाऊ वारली तेव्हापासून दोघांना तिने एकाच ताटात भरवलेलं. महाडच्या एका एजंटाने ओमला दुबईची नोकरी सांगितली, तेव्हा तिने त्याला उंबऱ्यावरूनच पिटाळलं होतं. "परक्याचा काय भरवसा?" आता कॉम्प्युटरच्या कामाला खुद्द हर्षदने बोलावलेलं. आपल्याच माणसाला कोण कशाला उलटसुलट विचारतो! रोज त्याचा फोन. "कधी येतोस रे? लवकर ये. तुझ्याबिगर माझं काय खरं नाय." ऐकून ओमला भरून यायचं.

थायलंडच्या विमानतळावर घ्यायला आलेल्या ड्रायव्हरने पासपोर्ट मागितला. ओमने दिला. गाडी शहर सोडून रानात शिरली. मग होडीने नदी ओलांडली. पलीकडे काटेरी कुंपण आणि बंदूकवाले. त्यांनी मोबाईल हिसकावला. पिशवी मात्र ओमने सोडली नाही. आत हर्षद आहे ना? मग भ्यायचं कशाला!

लांबलचक खोलीत पोरं कॉम्प्युटरसमोर माना खाली घालून बसलेली. जगभरातल्या माणसांशी गोड बोलायचं आणि त्यांना लुबाडायचं, हेच इथलं काम. एकाच्या मानेवर माराचे वळ होते. मान न वळवता तो पुटपुटला, "किसके बदले आया?"

"बदले?"

"यहाँ से छूटना है, तो अपनी जगह दूसरा लाना पड़ता है."

ओमला त्याची कीवच आली. बिचाऱ्याला काय ठाऊक? आपल्याला तर आपल्या भावाने बोलावलंय.

तेवढ्यात दार उघडलं. हर्षद! गालफडं बसलेली, कपाळावर व्रण, खांद्याला सॅक. ओम धावतच गेला आणि पिशवी पुढे केली.

"काकीनं दिलीय. तुझ्याच हातात द्यायला सांगितलीय."

हर्षदने पिशवी घेतली. नाकाशी नेली. क्षणभर डोळे मिटले. मग तीच पिशवी त्याने ओमच्या छातीशी लावली. ओमच्या तोंडाकडे मात्र त्याने बघितलं नाही.

"तुलाच ऱ्हाव दे रे," तो म्हणाला. "मी आता घरीच चाललोय."