एकही तक्रार नाही

रत्नागिरीतल्या सुर्वेकाकांच्या चाळीत सात वर्षांत एकही गुन्हा घडलेला नाही. त्याचं सगळं श्रेय भाडेकरारातल्या एका कलमाला: ज्या खोलीच्या दारात पोलीस येतील, त्या भाडेकरूने आठ दिवसांत खोली सोडायची.

सोमवारी भर दुपारी शमिकाच्या खोलीत एक माणूस शिरला. गळ्याला कोयती लावून "मंगळसूत्र काढ" म्हणाला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, तेव्हा तो पळाला. नवरा बोटीवर, लेक बालवाडीत. खोली गेली तर जायचं कुठे? पोलिसांना लावायला घेतलेला फोन तिने खाली ठेवला आणि आतून कडी घातली.

शुक्रवारी दारावर थाप पडली.

"उघड गो, मी सुर्वेकाका! दिवसाढवळ्या कडी कसली घालतेस? शेजारची खोली दिली हो भाड्याने. एकटाच आहे बिचारा. पण मी असा सोडतोय होय? पोलिसांचा दाखला आणायला लावला. बघ, एकही तक्रार नाही त्याच्यावर!"

तिने दार उघडलं. काकांच्या मागे उभ्या असलेल्या नव्या शेजाऱ्याने हसून हात जोडले.

&nbsp;

उजव्या मनगटावरचे दातांचे व्रण अजून सुकायचे होते.