एक अनुभवी नर्स

मार्लिसला आठवडाभर एका जागी बसवत नव्हतं. नॉर्थ डकोटातल्या त्या चिमुकल्या कॉलेजात नर्सिंग विभाग तिच्याकडे होता. मुलींची पुस्तकं शिकून झाली होती, पण प्रत्यक्ष रुग्णांजवळ उभं राहून शिकायला गावातलं एकुलतं इस्पितळ त्यांना घेत नव्हतं. हेही वर्ष फुकट गेलं तर विभागाला टाळंच लागणार होतं.

इस्पितळातली मुख्य नर्स जोलीन ही तिचीच जुनी विद्यार्थिनी. मार्लिस पुन्हा तिच्यासमोर जाऊन बसली.

"मॅडम, माझ्या नर्सना जेवायला फुरसत नाही. तुमच्या मुलींवर लक्ष कोण ठेवणार? मला एक अनुभवी नर्स मिळू द्या, लगेच पाठवा मुलींना."

"अगं, पण ती मिळणार कधी?"

"जाहिरात दिलीय. बघू."

गुरुवारी जोलीनचा फोन आला. "मिळाली, मॅडम. सोमवारपासून येऊ देत मुली."

"कोण गं?"

जोलीन जरा घुटमळली. "ती स्वतःच सांगेल तुम्हाला."

मार्लिसने बेकरीतून गोड कॅरमेल रोलचं खोकं घेतलं आणि धापा टाकत कॉलेजातली स्टाफरूम गाठली. आत कोरीन बसली होती. विभागात शिकवायला आता या दोघीच उरल्या होत्या.

"वाचलो गं बाई आपण. इस्पितळाला नर्स मिळाली."

कोरीनने खोक्याला हात लावला नाही. खिडकीबाहेर बघत ती हळूच म्हणाली,


"मार्लिस, ती मीच."