पाठमोरी राणी

ज्या ड्रॅगनच्या नावाने अख्खं राज्य अकरा भाग चळाचळा कापत होतं, तो आमच्या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या शेवटच्या भागात झोपेतच वारला. तीन भागांची गोष्ट एकात कोंबा, असा दिग्दर्शकांचा हुकूम होता. दहा हजारांचं सैन्य काढायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही चित्रकारांनी रणांगणावर धुकं सोडलं. आतून तलवारी खणखणल्या आणि धुकं विरलं तेव्हा युद्ध आटोपलेलं होतं. उरली राणी. तिचं मरण मी महिनाभर मनात घोळवत होते.

"पाठमोरी मरू दे," दिग्दर्शक म्हणाले. "चेहरा दाखवायचा म्हणजे डोळे आले, ओठ आले. चार दिवस जातात त्यात."

"सर, लोकांचा पहिल्या भागापासून तिच्यात जीव अडकलाय."

"कुणाच्या लक्षातही येत नाही."

राणी पाठमोरी मेली. मालिका सपशेल आपटली.

पुढच्याच महिन्यात वरून दिग्दर्शकांना दोन ओळींचं पत्र आलं: उद्यापासून येऊ नका. ते आपलं सामान खोक्यात भरून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"चौदा वर्षं घातली मी इथे," ते म्हणाले. "शेवट असा उरकतात का कुणाचा?"

वळून बघायचं म्हणजे डोळे आले, ओठ आले. मी पाठमोरीच म्हणाले, "कुणाच्या लक्षातही येत नाही, सर."