बसायची परवानगी

“आज काय ते एकदाचं सांग, आई,” जिन्याच्या तोंडाशी उभी राहून रोवेना म्हणाली. “लीड्सला माझ्याकडे येणार आहेस की नाही?”

“किती वेळा सांगू? मी माझ्या घरातच मरणार.”

हेस्टरबाई कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. गुडघे कुरकुरत होते. आज शनिवार, म्हणजे घर लोकांना बघायला खुलं.

घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. यंत्राचा हात लागू द्यायचा नाही, हा म्हाताऱ्याचा हट्ट. दारांच्या कड्या गावच्या लोहाराने ठोकलेल्या, ओकच्या तुळया हाताने तासलेल्या. असलं घर सांभाळणं म्हणजे हत्ती पोसणं. छपराने जीव नकोसा केला, तेव्हा गेल्या वर्षी हेस्टरबाईंनी ते जुनी घरं जपणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकलं. अट एकच, शेवटपर्यंत वरच्या दोन खोल्यांत त्या राहणार. संस्थेची माणसं भली होती. अट त्यांनी मनापासून पाळली.

खाली मंडळी माना वर करून शेकोटीच्या धुराड्यावरचा ठोकीव तांब्याचा पत्रा बघत होती. हेस्टरबाई शेजारच्या खुर्चीपाशी आल्या. ही त्यांच्या वडिलांची खुर्ची. तिच्यावर पाइनच्या झाडाचं एक वाळकं, खवल्यांचं बोंड ठेवलं होतं. ‘बसू नका’ अशी पाटी लावणं इकडे उद्धटपणाचं वाटतं, म्हणून बघायच्या घरांत खुर्चीवर बोंड ठेवतात आणि लोक काय ते समजतात. हेस्टरबाईही समजल्या. निमूट बाजूला सरकून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या.

घराची माहिती सांगणारे डनकॉम लगबगीने आले आणि त्यांनी बोंड उचललं.

“अहो बाई, तुम्ही कशाला उभ्या? तुम्हाला चालतं की. खुशाल बसा.”

“आभारी आहे हं,” म्हणून हेस्टरबाई बसल्या. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. मग तोही ओसरला. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

रोवेनाने सगळं पाहिलं होतं.

“गाडी कुठे लावलीस?” हेस्टरबाईंनी विचारलं.

“फाटकाशी. का गं?”

“पाहुणीच म्हणून राहायचं, तर लेकीकडे राहीन.”